पितळेच्या पोटातलं पाणी

वरातीतला ट्रम्पेटवादक दोन गाण्यांच्या मध्ये वाद्य खाली झुकवतो, नळीच्या वळणावरची छोटी कळ दाबतो आणि जोरात फुंकर मारतो. खाली थेंब पडतात. बघणाऱ्याला ती थुंकी वाटते. थोडी असतेही, पण त्यातलं बहुतेक पाणी श्वासातलं असतं. फुप्फुसातून निघालेली हवा साधारण ३४ अंशांची आणि बाष्पाने भरलेली असते. अशा एका घनमीटर हवेत सुमारे ३७ ग्रॅम पाणी मावतं. तीच हवा २५ अंशांच्या धातूला लागून थंड झाली की त्यात २३ ग्रॅमच मावतं. उरलेलं नळीच्या आतल्या बाजूला दवासारखं जमतं. म्हणून डिसेंबरातल्या रात्रीच्या वरातीत ही कळ घडीघडी दाबावी लागते, आणि मे महिन्याच्या भर दुपारी, पितळ तापलेलं असताना, तिची फारशी गरज पडत नाही.

हे पाणी शुद्ध असतं तर काळजीचं कारण नव्हतं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळून ते किंचित आम्लधर्मी होतं. लाळेतून क्लोराइड, कॅल्शियम, फॉस्फेट आणि प्रथिनं येतात. जेवून, गोड सरबत पिऊन लगेच वाद्य तोंडाला लावलं तर साखरही आत जाते, तिच्यावर जिवाणू पोसले जातात आणि तेही आम्ल तयार करतात. ट्रम्पेटची नळी सरळ केली तर जवळपास दीड मीटर भरते. एवढ्या लांब, अंधाऱ्या, ओल्या नळीत हे सगळं साठतं, आणि कार्यक्रम संपला की वाद्य तसंच पेटीत बंद होतं.

सहा महिने न धुतलेल्या ट्रम्पेटची पुढची मोठी स्लाइड, म्हणजे सरकणारी वळणदार नळी, ओढून काढावी आणि माउथपीसकडून येणाऱ्या सरळ नळीत टॉर्च मारावा. या नळीला लीडपाइप म्हणतात. आत करड्या-हिरव्या रंगाचा बुळबुळीत थर दिसतो. तो बोटाला लागला तर शिळा, आंबूस वास येतो. थराखाली कुठे कुठे पांढरट, खरखरीत पापुद्रा असतो. दातांवर कीटण चढतं तेही लाळेतल्या याच कॅल्शियम-फॉस्फेट क्षारांचं. वाद्याचा सूर बिघडायला सुरुवात होते ती इथून. माउथपीसचा सगळ्यात अरुंद गळा जेमतेम ३.७ मिलीमीटर व्यासाचा असतो. त्यात चारी बाजूंनी पाव मिलीमीटर थर बसला, तर हवेच्या वाटेचं क्षेत्रफळ एक चतुर्थांशाने घटतं. वादकाला वाटतं आपला दम कमी पडतोय, ओठ साथ देत नाहीत. एक लहानसा ब्रश फिरवला की दम परत येतो.

सूर परत मिळतो, पितळ परत मिळत नाही. ट्रम्पेटसाठी नेहमी वापरलं जाणारं पिवळं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. या दोघांत जस्त कितीतरी अधिक क्रियाशील. क्लोराइड मिसळलेलं आम्लधर्मी पाणी एका जागी साचून राहिलं की जस्त विरघळून निघून जातं आणि तांब्याचा सच्छिद्र, ठिसूळ सांगाडा मागे उरतो. दुरुस्ती करणारे कारागीर याला ‘रेड रॉट’ म्हणतात. बाहेरून दिसतो एक गुलाबी ठिपका, बहुधा मध्यभागी गडद टिंब असलेला. वरून काहीतरी लागलं असेल असं समजून लोक तो घासत बसतात. पण नळीची जाडी असते अर्धा मिलीमीटर, आणि ठिपका बाहेर दिसतो तो आतून पोखरत येऊन. कुठल्याही पॉलिशने तो जात नाही. नळीच बदलावी लागते. पितळेत जस्ताचं प्रमाण १५ टक्क्यांहून कमी असेल तर हा रोग सहसा होत नाही, त्यामुळे काही निर्माते लीडपाइपपुरतं ९० टक्के तांब्याचं लालसर पितळ वापरतात.

मराठी घराला यातलं मर्म ठाऊक आहे. पितळेच्या पातेल्यात ताक किंवा आमटी कळकते, म्हणून भांड्याला कल्हई करून घ्यायची. कल्हईवाला कथील फिरवायचा ते भांड्याच्या आतून, कारण आंबट पदार्थाची आणि पितळेची गाठ तिथे पडते. वाद्याच्या नळीला आतून कल्हई नसते. तिथे संरक्षण एकच, पाणी साचू न देणं आणि थर बसू न देणं. पण वाद्य हातात आलं की आपण हे विसरतो आणि समई-ताम्हणाच्या सवयीने बाहेरच्या चकाकीमागे लागतो. माझ्या मते पितळी वाद्यांचं घरात होणारं बरंचसं नुकसान या चुकलेल्या प्राधान्यातून होतं.

चिंच, लिंबू-मीठ, पितांबरी ही समईसाठी उत्तम साधनं आहेत. चिंचेतलं टार्टरिक आणि लिंबातलं सायट्रिक आम्ल तांब्याचा काळा ऑक्साइड विरघळवतं आणि खालचं लख्ख पितळ उघडं पडतं. मात्र पितळी तांब्या चिंचेच्या कोळात रात्रभर राहिला तर सकाळी गुलाबी झालेला दिसतो. पृष्ठभागावर तांब्याचं प्रमाण वाढल्याची ती खूण. जाड भांड्याला याने फरक पडत नाही; अर्ध्या मिलीमीटरच्या नळीवर हा प्रयोग करू नये. शिवाय आजच्या बहुतेक ट्रम्पेटवर पारदर्शक लॅकरचा पातळ थर असतो. भुकटीने घासलं की पितळ नाही, हे लॅकर घासलं जातं. एकदा ओरखडा पडला की हाताच्या घामातलं मीठ त्या फटीतून खाली शिरतं आणि डावा हात जिथे वाद्य धरतो तिथे लॅकर पापुद्र्यांनी सुटायला लागतं. वाजवून झाल्यावर मऊ सुती कापडाने बोटांचे ठसे पुसले की बाहेरची देखभाल झाली. लॅकर निघून गेलं असेल तरी घाबरण्याचं कारण नाही. उघड्या पितळेवर येणारा तपकिरी थर दिसायला मंद असतो, पण तो पुढचा गंज धीमा करतो. चांदीचा मुलामा असेल तर हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी तो काळवंडतो. त्याला चांदी पुसायचं कापड पुरतं, तेही क्वचित, कारण प्रत्येक पुसण्यात थोडी चांदी जाते.

नाकात झणझणणाऱ्या वासाच्या द्रव पॉलिशबद्दल मात्र जास्त सांगायला हवं. तो वास अमोनियाचा. पितळ आणि अमोनिया यांच्या वैराचा उलगडा भारतातल्या एका कोड्यातून झाला. एकोणिसाव्या शतकात इथल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं तबेल्यांत साठवलेली असत. उन्हाळ्यात धडधाकट असलेली काडतुसं पावसाळ्यात आपोआप तडकत. दर मोसमात हेच होई, पण कारण कळत नव्हतं. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी ते उलगडलं. जनावरांच्या मुताचा अमोनिया, पावसाळी दमटपणा आणि काडतूस ओढून घडवताना पितळेत अडकून राहिलेला ताण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पितळेच्या कणांच्या सीमांवरून भेग धावत जाते. ताण काढण्यासाठी धातू योग्य तापमानाला तापवून घेतला की काडतुसं टिकतात. ट्रम्पेटची प्रत्येक वळणदार नळी वाकवून आणि ओढूनच घडवलेली असते. चांगला कारखाना ताण बराचसा काढतो, आणि पॉलिशने एकदा पुसल्यावर वाद्य तडकेल असंही नाही. पण कळांच्या सांध्यांत, जोडांच्या फटींत अमोनियाचं पॉलिश साचवून ते वाद्य जुलै महिन्यात बंद पेटीत ठेवणं म्हणजे त्या तबेल्याची परिस्थिती स्वतः निर्माण करणं आहे.

धुण्यासाठी लागतं ते घरातच मिळतं: मोठा टब, भांडी घासायचा सौम्य द्रव साबण, जुना टॉवेल आणि वाद्याच्या दुकानात मिळणारा लवचीक लांब ब्रश. टॉवेल टबाच्या तळाशी अंथरावा, नाहीतर पातळ पत्र्याला पोचे पडतात. पाणी कोमट, हाताला जेमतेम ऊब लागेल इतकंच, कारण कढत पाण्याने लॅकर सुटतं. स्लाइड काढताना त्या-त्या स्लाइडचा पिस्टन, म्हणजे बोटाने दाबायची कळ, दाबून धरावा. पिस्टन न दाबता ओढलं तर बंद नळीत हवा विरळ होते आणि स्लाइड ‘फट्’ आवाज करून निघते. त्या ओढीत आतला मळ सरकत्या पृष्ठभागांवर येतो.

पिस्टन हा या वाद्याचा सगळ्यात नाजूक भाग. हाइनरिश श्टोल्त्सेल आणि फ्रीडरिश ब्ल्यूमेल यांनी १८१८ मध्ये बर्लिनला व्हॉल्व्हचं, म्हणजे हवेची वाट बदलणाऱ्या झडपेचं, पेटंट घेतलं. पॅरिसच्या फ्रान्स्वा पेरिनेने पुढे सुधारलेला पिस्टन आजच्या ट्रम्पेटमध्ये आहे. पिस्टन आणि त्याचं घर यांच्यातली फट मिलीमीटरच्या काही शतांश भागाइतकी असते. तेवढ्या फटीतून हवा निसटू नये आणि पिस्टन मात्र क्षणात खाली-वर व्हावा, हे साधतं ते तेलाच्या पातळ पडद्याने. पिस्टनवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात. तिन्ही एकाच मापाचे वाटले तरी प्रत्येक आपल्याच घरात बसतो, म्हणून काढतानाच ते ओळीने टॉवेलवर ठेवावेत. धुताना पिस्टन उभा धरून खालचा भागच भिजवावा, कारण वरच्या टोकाला फेल्टची चकती असते. ती भिजून फुगली तर पिस्टनची उंची बदलते आणि त्याची भोकं नळ्यांच्या समोर नेमकी येत नाहीत.

ब्रश नळीत सरळ जाईल तेवढाच घालावा, अवघड वळणात कोंबू नये. पहिल्या खेपेलाच हिरवट चिखलासारखं पाणी बाहेर येतं आणि ब्रश घालण्याचं सार्थक झालं असं वाटतं. बोअरचं पाणी असेल तर शेवटचं विसळणं कमी क्षारांच्या पाण्याने करावं. जड पाण्यातले क्षार सुकून पुन्हा पापुद्रा धरतात. मग सगळं कापडाने टिपून वाऱ्यावर पूर्ण सुकू द्यावं. स्लाइडला ग्रीस, पिस्टनला व्हॉल्व्ह ऑइलचे चार-पाच थेंब. बहुतेक ट्रम्पेटमध्ये पिस्टनचा आकडा माउथपीसच्या दिशेला ठेवून तो आत सोडतात आणि हलकेच फिरवतात. टक् असा बारीक आवाज आला की तो खाचेत बसला. जोडून झाल्यावर फुंकलं आणि हवा पुढे जाईचना, तर समजावं की एखादा पिस्टन उलटा बसलाय किंवा दुसऱ्याच्या घरात गेलाय.

तेलाच्या बाबतीत काटकसर करू नये. अनेक ठिकाणी खोबरेल वापरलं जातं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजतं, म्हणजे लग्नसराईतल्या थंडीच्या रात्री पिस्टन वर यायला वेळ घेणार. शिवाय ते खवट होतं आणि चिकट राळ मागे ठेवतं. शिलाई मशीनचं तेल थिजत नाही, पण या फटीच्या मानाने ते बहुधा जाड पडतं. व्हॉल्व्ह ऑइलची लहान बाटली बरेच महिने पुरते.

ही स्वच्छता वादकाच्या छातीसाठीही आहे. २०१० मध्ये ‘चेस्ट’ या वैद्यकीय नियतकालिकात एका अमेरिकी ट्रॉम्बोनवादकाची हकीकत आली. त्याला १५ वर्षं खोकला होता. फुप्फुसांना अतिसंवेदनशीलतेमुळे सूज येत होती, आणि त्याच्या ट्रॉम्बोनमध्ये मायकोबॅक्टेरियम गटातले जिवाणू आणि फ्युझेरियम बुरशी सापडली. वाद्य नियमित निर्जंतुक करायला लागल्यावर तो सुधारला. २०१६ मध्ये ‘थोरॅक्स’मध्ये आलेली ब्रिटनमधल्या बॅगपाइपवादकाची कथा अधिक दुःखद आहे. परदेशी गेल्यावर, वाद्य सोबत नसताना, त्याला बरं वाटलं होतं. वाद्य आणि आजार यांच्यातल्या दुव्याचा छडा मात्र उशिरा लागला आणि तो दगावला. असे रुग्ण दुर्मीळ आहेत. तरीही रोज तासन्‌तास वाजवणाऱ्याला महिनोन्‌महिने खोकला असेल तर आपण कोणतं वाद्य वाजवतो हे डॉक्टरांना जरूर सांगावं. लीडपाइप आठवड्याला आणि पूर्ण वाद्य महिन्या-दोन महिन्यांनी धुणं फार अवघड नाही. वाजवण्याआधी चूळ भरणं तर त्याहून सोपं.

शेवटी जुन्या वाद्यांविषयी. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत संगीत शिकलेले कितीतरी ट्रम्पेटवादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले, संगीतकार सी. रामचंद्रांबरोबर काम केलेला चिक चॉकलेट त्यांतला एक गाजलेला वादक. वसईपासून मडगावपर्यंत कुठल्या ना कुठल्या घराच्या माळ्यावर त्या काळातलं एखादं वाद्य अजून असतं. ते सापडलं तर आधी धुवावं, मगच ओठांना लावावं. माउथपीस अडकला असेल तर पक्कड लावू नये. त्याचा दांडा निमुळता असल्याने तो पाचरीसारखा घट्ट बसलेला असतो; पिळला तर लीडपाइपच फाटते. दुरुस्तीवाल्याकडे माउथपीस ओढून काढायचं साधं यंत्र असतं आणि काम मिनिटभराचं असतं. अडकलेल्या स्लाइडच्या सांध्यात पातळ तेल सोडून दोन दिवस थांबावं. वापरलेला ट्रम्पेट विकत घेताना लख्ख बेल, म्हणजे पुढचं पसरट तोंड, पाहून भुलू नये. माउथपीस काढून लीडपाइप उजेडाकडे धरावी, मग तिच्यावर बाहेरून, विशेषतः खालच्या बाजूला, गुलाबी ठिपके शोधावेत. ठिपके दिसले तर नळी बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच सौद्याचं बोलावं.