पाचशे एकांचा शोध – लेखांक ९ : दिव्यांच्या जागी जाळी

मेलबर्नचे प्रकरण आज घेईन असे गेल्या आठवड्यात म्हटले होते. परंतु तेथील सँडाउनच्या सहा तासांच्या शर्यतीत १९६४ आणि १९६५ अशी लागोपाठ दोन वर्षे अल्फा रोमिओच्या जुलिया टीआय सुपरने पहिला क्रमांक पटकावला ती हकिकत आणखी आठ दिवस थांबली म्हणून शिळी होणार नाही, आणि सांगलीच्या एका वाचकांनी पाठविलेला प्रश्न मात्र, बनलेल्या ५०१ सुपरांपैकी कोणत्या आज हयात आहेत याची वहीत नोंद ठेवणाऱ्या या लेखमालेच्या मुळालाच हात घालणारा असल्यामुळे त्याला रांगेत मागे उभे करणे मला प्रशस्त वाटत नाही. ते लिहितात, "चासी नंबर ठोकलेला वीतभर पत्रा अस्सल, आणि बाकीची सगळी गाडी दुसरीच, अशा गाडीला तुम्ही तुमच्या वहीत हयात धरता की मयत?" प्रश्नाचा रोख पाहता हे गृहस्थ एक तर कोर्टात बेलिफ असावेत, नाही तर त्यांनी कधी तरी जुनी गाडी विकत घेतली असावी.

या प्रश्नाच्या उत्तराकडे जायचे तर वाटेत ती प्रसिद्ध जाळी लागते. साध्या जुलिया टीआयच्या तोंडावर चार दिवे असतात, दोन मोठे बाहेरच्या अंगाला आणि दोन लहान आतल्या. सुपर तयार करताना अल्फा रोमिओने आतले दोन दिवे काढून त्या वर्तुळांत तारेची जाळी बसविली, जेणेकरून शर्यतीत तापणाऱ्या इंजिनाला वारा अधिक मिळावा. पन्नास पावलांवरून ओळख पटविणारी ही खूण असल्यामुळे प्रदर्शनात गाडीपुढे येणारा रसिक प्रथम वाकून जाळीच न्याहाळतो, "खरी आहे" असा निर्वाळा देतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. माझ्या मते संबंध गाडीत जाळीइतका बेभरवशाचा साक्षीदार दुसरा नाही.

याचे एक कारण उघड आहे. टीआय हजारोंनी बनल्या आणि सुपर बनल्या अवघ्या ५०१, पैकी १९६३ साली १७८ व १९६४ साली ३२३. दोहोंच्या आजच्या किमतींत जमीनअस्मानाचे अंतर असल्यामुळे साध्या टीआयचे आतले दिवे उपटून तेथे जाळी बसविण्याचा मोह अनेकांना झाला, आणि त्या कामाला एक सकाळ पुरते. दुसरे कारण मात्र मौजेचे आहे. ही गाडी नवी असताना विकत घेणारा प्रत्येक इसम काही शर्यतपटू नव्हता. त्यात डॉक्टर होते, वकील होते, बापाच्या पैशावर वेगाची हौस भागविणारे चिरंजीव होते, आणि त्यांना रात्री-अपरात्री घरी परतायचे असे. शर्यतीच्या दृष्टीने निरुपयोगी ठरविलेल्या त्या दोन दिव्यांची उणीव काळोख्या डोंगरी रस्त्यावर भासू लागली की जाळी काढून दिवे बसवून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. परिणाम असा की आज जाळीवाल्या गाड्यांत कित्येक तोतया निघतात, आणि चार दिव्यांची एखादी गरीब दिसणारी टीआय कोणाच्या तरी गोठ्यात खरी सुपर असूनही अज्ञातवासात पडून राहते. पांडवांचा अज्ञातवास निदान एका वर्षात संपला होता.

पुढच्या मडगार्डांवर असलेल्या चार पानांच्या हिरव्या क्लोव्हरचीही तीच गत. उगो सिव्होची या चालकाने १९२३ च्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीत आपल्या अल्फावर हे शुभचिन्ह पांढऱ्या चौकोनात रंगविले व तो जिंकला. त्याच वर्षी सप्टेंबरात मोंझा येथे सरावाच्या वेळी, जिच्यावर ते चिन्ह अद्याप रंगविलेले नव्हते अशा नव्या पी-१ गाडीत त्याचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर चौकोनाच्या जागी त्रिकोण आला, म्हणजे एक कोपरा कायमचा रिकामा ठेवण्यात आला. ही कथा मला अतिशय प्रिय आहे व ती सांगण्याची संधी मी सहसा दवडत नाही, हे नियमित वाचक जाणतातच; परंतु पुराव्याच्या बाजारात त्या हिरव्या पानांना कवडीचे मोल नाही, कारण रंगाच्या एका डबीपलीकडे त्यांना काहीही लागत नाही.

मग खरेपणा शोधायचा कोठे? पुष्कळ जण इंजिनाकडे बोट दाखवितात. टीआय आणि सुपर दोहोंचे इंजिन १५७० सीसीचेच. पण टीआयला एक सोलेक्स कार्ब्युरेटर व ९२ अश्वशक्ती, तर सुपरला वेबरचे दोन ४५ डीसीओई, म्हणजे चार सिलिंडरांना चार स्वतंत्र नरडी, आणि ११२ अश्वशक्ती. मुंबईच्या जुन्या फियाट टॅक्सीत पुढच्या बाकावर बसलेल्या वाचकाला हँडगिअर म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. पाच गिअरांची असूनही जुलिया टीआय आरंभी तशीच होती, आणि सुपरमध्ये मात्र गिअरचा दांडा जमिनीवर आला, पुढचा अखंड बाक जाऊन दोन स्वतंत्र सीटा आल्या, काचांच्या जागी काही ठिकाणी प्लेक्सिग्लास आले, चाके मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची झाली, आवाज शोषणारे अस्तर गेले, आणि एवढी काटकसर करून वजन ९१० किलोवर आणण्यात आले. यादी मोहक आहे खरी. पण तिच्यातील एकूण एक वस्तू नटबोल्ट सोडविले की हातात येते, आणि जी हातात येते ती विकली जाते.

शिवाय ती विकली जाण्याला काळही अनुकूल होता. १९६५ च्या फेब्रुवारीत अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात अल्फाने जीटीए ही नवी गाडी पुढे केली, आणि ज्यांना केवळ जिंकण्याशी कर्तव्य होते त्या मंडळींच्या लेखी सुपर एका दिवसात जुनी झाली. शर्यतवाल्याला गाडीविषयी ममत्व नसते. त्याने वेबर काढून दुसरीकडे लावले, चाके विकली, आणि उरलेले धूड जे कोणी मागेल त्याला देऊन टाकले. त्या नव्या मालकाने ओरखड्यांनी अंध झालेले प्लेक्सिग्लास काढून साधी काच बसविली, मुलाबाळांसाठी मागची बैठक मऊ करून घेतली, आणि पाचसहा वर्षांत अशा गाडीत सुपरपणाचे बाह्य चिन्ह म्हणून काहीही उरले नाही. इंजिनही याला अपवाद नाही. सुपरच्या इंजिनावर एआर ००५१६ हे वर्गचिन्ह, मग एक तारका व मग अनुक्रमांक ठोकलेला असतो; पण असली इंजिने आज भलत्याच गाड्यांत सापडतात, आणि माझ्या वहीच्या शेवटच्या पानांवर केवळ अशा अनाथ इंजिनांसाठी राखीव जागा आहे.

म्हणून मी कागदांकडे वळतो. इटलीत मोटारींच्या मालकीचे सार्वजनिक दप्तर १९२७ पासून आहे आणि ते तेथील ऑटोमोबाइल क्लबाच्या स्वाधीन आहे. त्या दप्तरातून एखाद्या गाडीचा कालक्रमवार उतारा मिळविता येतो, आणि तो हाती पडला की शेतजमिनीचे फेरफार वाचण्याची ज्याला सवय आहे अशा मराठी माणसाला एकदम घरी आल्यासारखे वाटते. पहिला मालक, खरेदीची तारीख, किंमत. त्याखाली बोजा, कारण त्या काळी बहुतेकांनी गाडी हप्त्यांवर घेतली व सावकाराने ती तारण लिहून घेतली. मग बोजा उतरल्याची नोंद, मग दुसरा मालक, मग तिसरा. खरेदीनंतर आठच महिन्यांत गाडी भंगाराच्या भावात विकल्याची नोंद दिसली की शर्यतीतला अपघात डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि चौदा वर्षे एकाच दवाखान्याच्या पत्त्यावर राहिलेली गाडी दिसली की मी वही बाजूला ठेवून चहा मागवितो, कारण अशीच गाडी जगते.

काळ्या पाटीचाही उपयोग होतो. जुन्या इटालियन क्रमांकपाटीवर जिल्ह्याची अक्षरे असत, मिलानची एमआय, नेपल्सची एनए, आणि रोमचे मात्र राजधानीच्या दिमाखात संपूर्ण नाव. मालकी दुसऱ्या जिल्ह्यात गेली की गाडीला नवी पाटी घ्यावी लागे. त्यामुळे पहिली पाटी अद्याप मिरविणारी गाडी बहुधा आपल्या जन्मजिल्ह्याबाहेर विकली गेली नाही असे धरता येते.

परंतु या दप्तरात एक मोठे भगदाड आहे, आणि ते १९८३ साली पडले. तोवर मोटारीचा कर रस्त्यावर चालविण्यासाठी होता, म्हणजे गाडी कोठारात उभी असेल तर भरण्याची जरुरी नसे. त्या वर्षापासून तो मालकीवर बसला. चालत नसलेल्या जुन्या गाडीसाठी दरसाल पैसे मोजणे कोणाला परवडणार? लोकांनी पाट्या सरकारजमा केल्या आणि गाड्या दप्तरातून कमी करून घेतल्या. कागदोपत्री या गाड्या संपल्या, प्रत्यक्षात त्या गवताच्या पेंढ्यांखाली सुखरूप होत्या. आणि केवळ दप्तर चाळून "एवढ्या नष्ट झाल्या" असा हिशेब मांडणारे विद्वान येथेच फसतात. त्या कोठारांतून पुढे निघालेल्या गाड्यांना कागद नव्हते, आणि उलट काही जणांकडे कागद होते पण गाडी नव्हती. या दोन पक्षांची गाठ पडल्यावर काय होते हे सांगलीच्या वाचकांनी बरोबर ओळखले आहे.

आता तो वीतभर पत्रा. जुलियाचा चासी क्रमांक इंजिनाच्या मागील उभ्या पडद्यावर, म्हणजे इंजिन आणि प्रवासी यांच्यामधील पत्र्यावर ठोकलेला असतो. सुपरचे क्रमांक ५९५००१ पासून चालू होतात. जवळच रिव्हेटने बसविलेली कंपनीची पट्टी असते, पण रिव्हेट कापता येत असल्याने ती मी वाचतो आणि विसरतो. ठोकलेल्या क्रमांकाकडे मात्र मी बॅटरी तिरपी धरून पाहतो. कारखान्याच्या ठोक्यात आकड्यांच्या कडा किंचित उचललेल्या असतात व त्यांच्या तळाशी रंगाचा थर सारखा बसलेला असतो. कानशीने घासून पुन्हा ठोकलेल्या पत्र्याला हलकासा खळगा पडतो, जो डोळ्याला दिसला नाही तरी अंगठ्याला लागतो. त्यानंतर आकड्यांपासून चार बोटे दूर, पत्र्याच्या मागच्या बाजूने, हात जाईल तेथवर चाचपायचे. तुकडा कापून दुसऱ्या गाडीत डागला असेल तर पुढून पुटीन भरून सफाई केलेली असते, पण मागून वेल्डिंगची रेघ घासून काढायला जागाच नसते, आणि ती बोटांना लागते.

एक आणखी खूण, जिच्यावर माझी सर्वांहून अधिक श्रद्धा आहे. सुपर जवळपास सगळ्याच्या सगळ्या एकाच पांढऱ्या रंगात बाहेर पडल्या, ज्याला कारखाना बिआंकोस्पीनो म्हणे. लाल किंवा करड्या अशा एखाददुसऱ्या अपवादाची चर्चा इटलीतील जाणकार करतात तेवढीच. टीआय मात्र अनेक रंगांत मिळे. तोतया बनविणारा बाहेरून गाडी पांढरी करतो, बॉनेट व डिकीही आतून पांढरी करतो, पण डॅशबोर्ड संपूर्ण उतरवून त्यामागचा पत्रा रंगविण्याचे कष्ट क्वचितच घेतो. रेडिओच्या भोकातून डोकावले आणि आत फिकट निळा रंग हसताना दिसला, की मालकाशी हवापाण्याच्या चार गोष्टी बोलून निरोप घ्यावा.

तर आता निकाल. लाकडी चौकटीच्या काळातील बेंटलीसारख्या गाड्यांना लोखंडी सांगाडा वेगळा असे आणि त्यावर टप वेगळा चढे. तेथे टप बदलला तरी सांगाडा टिकला म्हणजे गाडी टिकली असे मानण्याची वहिवाट आहे व ती मला मान्य आहे. जुलियाला वेगळा सांगाडाच नाही. तिचे घडीव पत्र्याचे कवच हाच तिचा सांगाडा, तोच टप आणि तीच गाडी. तेव्हा ते कवच भंगारात गेले असेल आणि त्यातून कापलेला क्रमांकाचा तुकडा दुसऱ्या कवचात डागला असेल, तर सांगलीकरांची गाडी माझ्या वहीत मयत आहे, मग तिच्यात प्रत्येक नट कारखान्याचा का असेना. याउलट कवच मूळचे असून इंजिन परके, काचा साध्या, दिवे चार, आणि पाठीमागे कोणा हौशी गृहस्थाने ओढणीचा हूक बसविलेला असला तरी ती हयात, निर्विवाद हयात. व्यापाऱ्यांना हा निवाडा आवडत नाही, कारण त्यांच्याकडची गुळगुळीत गाडी मयत ठरते आणि कोणा शेतकऱ्याची गंजकी हयात.

मधला एक वर्ग राहतो, ज्यात अर्धे कवच एका गाडीचे व अर्धे दुसरीचे असते. शर्यतीतील अपघातांनंतर असे जोडकाम सर्रास होई आणि त्यात फसविण्याचा हेतू मुळीच नसे. अशांसाठी मी वहीत तिसरा रकाना ठेवला आहे. पडद्यासह पुढचा भाग मूळचा असेल तर मी झुकते माप देतो, मागचाच असेल तर देत नाही, आणि या बाबतीत इटलीतील माझ्या पत्रमित्रांशी माझे मुळीच पटत नाही.

मेलबर्नच्या गाड्यांचा निकाल याच कसोटीवर लावायचा असल्याने आजचा खटाटोप अगदीच आडवाटेचा झाला असे नाही. युरोपात राहणाऱ्या वाचकांकडून मेळाव्यांतील फोटो येतात त्याबद्दल त्यांचा आभारी आहे; मात्र यापुढे गाडीचे तोंड न टिपता मालकाची परवानगी काढून बॉनेट उघडावे, पडद्याचा फोटो बाजूने उजेड पाडून घ्यावा, आणि जमल्यास अंगठ्याला काय लागले तेही दोन ओळींत कळवावे.