मोबाईलवरचे जीवशास्त्र, घरातली प्रयोगशाळा

मैत्रिणींनो, 'पोरगी दिवसभर मोबाईलमध्ये डोकं घालून बसते' ही तक्रार आता घरोघरची झाली आहे. हळदीकुंकवाला चार जणी जमल्या, की बोलणे फिरून फिरून याच विषयावर येते. तक्रार काही खोटी नाही. पण याच मोबाईलवर जीवशास्त्राचे असे हसतखेळत शिकवणारे धडे फुकट मिळतात, की मुलींबरोबर आपणही पदर खोचून त्यापुढे बसावे. कोणते धडे पाहावेत, कसे पाहावेत आणि पाहून झाल्यावर काय करावे, याविषयी आज थोडे सांगायचे आहे.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी नव्हे. पदवी बी. ए. ची, आणि शाळेत अर्धवेळ शिकवते ती भाषा. पण संध्याकाळी आळीतल्या आठवी ते दहावीच्या सहा-सात मुली अभ्यासाला येतात. त्यांच्या विज्ञानाच्या पुस्तकाशी माझी गाठ अशीच पडली. आमचे सोनाळा संग्रामपूर तालुक्यातले, सातपुड्याच्या पायथ्याचे गाव. पाठीमागे डोंगर आणि अंबाबरवाचे अभयारण्य, पुढे कपाशी, तूर आणि संत्र्याच्या बागा. म्हणजे जीवशास्त्र चहूकडे उभे आहे! आणि मुली मात्र 'पेशी म्हणजे काय' याची व्याख्या डोळे मिटून, डोलत डोलत पाठ करतात. पेशी चपटी असते की फुगीर, ती हलते का, मरते का, हे विचारले की सगळ्या गप्प. त्यांचा तरी काय दोष? छापलेले चित्र जागचे हलत नाही.

ही कल्पना नवी नाही

चित्रांतून शिकवण्याची खटपट आपल्याकडे फार जुनी आहे. १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' सुरू झाली आणि मराठी शाळांसाठी दूरदर्शनवर शैक्षणिक कार्यक्रम येऊ लागले. आपल्यापैकी कितीतरी जणींनी लहानपणी ते पाहिले असतील. ती संस्था २०१७ साली बंद झाली. पुढे २०२० मध्ये कोरोनाने शाळांना कुलपे लावली, तेव्हा सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका आली. घरातल्याच वस्तू घेऊन आईवडिलांनी मुलांबरोबर शिकावे, अशी तिची रीत होती. ती रीत मला फार आवडली, आणि खाली जे सांगणार आहे ते त्याच वाटेने जाणारे आहे.

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवलेले शिक्षक रणजितसिंह डिसले यांचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोडचा चौकोन छापायचा, मोबाईल त्यावर धरला की त्या धड्याचा व्हिडिओ उघडायचा, ही युक्ती त्यांनी आपल्या खेड्यातल्या शाळेत वापरली. पुढे राज्याच्या पुस्तकांवरही असे चौकोन आले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि दहा लाख डॉलरच्या रकमेतला अर्धा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना देऊन टाकला. तेव्हा बालभारतीच्या पुस्तकावरचा तो काळा-पांढरा चौकोन म्हणजे नक्षी समजू नका. तो दीक्षा ॲपमधून उघडून पाहा. पहिला धडा तिथूनच सुरू करावा, कारण तो मराठीत असतो आणि पुस्तकाला धरून असतो.

आणखी काय पाहावे?

पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे काम केलेले अरविंद गुप्ता यांच्या छोट्या छोट्या फिल्म इंटरनेटवर आहेत. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी कशी करावीत, हे ते दाखवतात. काही फिल्म मराठीतही आहेत. दोन-तीन मिनिटांचे काम, आणि सामान म्हणाल तर काड्यापेटी, नळी, जुनी बाटली.

मुलींना इंग्रजी थोडे कळत असेल तर 'अमीबा सिस्टर्स' जरूर दाखवा. अमेरिकेतल्या दोन बहिणींनी २०१३ च्या सुमारास हे काम सुरू केले. एकीला शिकवण्याचा अनुभव, दुसरीचा हात चित्रकलेत. पेशी, गुणसूत्रे, विकरे यांची गमतीदार कार्टून करून त्या शिकवतात. हँक ग्रीन यांची 'क्रॅश कोर्स बायॉलॉजी' ही २०१२ मधली चाळीस भागांची मालिकाही प्रसिद्ध आहे. पण ते गृहस्थ बोलतात आगगाडीसारखे! अकरावी-बारावीच्या मुलींसाठी ती ठेवावी, आणि व्हिडिओची गती कमी करून पाहावी. तशी सोय असते.

पाहणे म्हणजे शिकणे नव्हे

आता महत्त्वाचे. व्हिडिओ पाहताना सगळे समजल्यासारखे वाटते. मुली हसतात, 'कळलं, कळलं' म्हणतात. आणि मोबाईल उलटा ठेवून 'आता सांग बरं' म्हटले, की दोन वाक्यांवर गाडी थांबते. दुसऱ्या कुणी केलेली पुरणपोळी पाहून आपल्याला पुरणपोळी येत नाही; पुरण चटकते, फाटते, तेव्हा हात तयार होतो. इथेही तसेच आहे. म्हणून मी मुलींना चार नियम घालून दिले आहेत.

पहिला : एका बैठकीत एकच धडा, दहा मिनिटांच्या आतला. पुढचा आपोआप सुरू होऊ लागला की मोबाईल बंद.

दुसरा : मध्ये दोनदा थांबवायचा आणि 'आता पुढे काय होईल?' हे प्रत्येकीने सांगायचे. चुकले तरी चालेल, पण बोलायचे.

तिसरा : संपल्यावर न पाहता वहीत आकृती काढायची, नावे मराठीत लिहायची. परीक्षेत केंद्रक, हरितलवक, तंतुकणिका असेच लिहावे लागते. इंग्रजी व्हिडिओतला शब्द आणि पुस्तकातला शब्द शेजारी शेजारी लिहिला की घोटाळा होत नाही.

चौथा : जे पाहिले त्यातले काहीतरी घरात करून पाहायचे.

नेटचा खर्च आणि रेंज यांची अडचण असते, हे मलाही ठाऊक आहे. ज्या घरी चांगली रेंज मिळते तिथे धडा आधी उतरवून घ्यावा आणि सगळ्यांनी एकाच मोबाईलवर पाहावा. एकटीने पाहण्यापेक्षा पाच जणींनी मिळून पाहिले की प्रश्नही जास्त निघतात.

ओट्यावरचे प्रयोग

परासरण हा शब्द मुलींना जड जातो. मनुका साध्या पाण्यात तीन-चार तास टाका, त्या टम्म फुगतात. त्याच मनुका दाट पाकात टाकून ठेवा, पुन्हा आक्रसतात. पाणी पेशीच्या पातळ पडद्यातून पातळ द्रावाकडून दाट द्रावाकडे जाते, एवढेच त्यातले मर्म. काकडीच्या कोशिंबिरीला आधी मीठ लावले की पाणी का सुटते, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

दह्याचे विरजण हा तर जिवाणूंचा संसार. दुधातल्या साखरेपासून ते आम्ल करतात आणि त्या आम्लाने दूध घट्ट होते. एक वाटी उबेला आणि एक गार जागी ठेवा. कोणते दही आधी लागते ते मुलींनी तासातासाने टिपावे. थंडीत दही का लागत नाही, या आपल्या नेहमीच्या कटकटीचे उत्तर त्या वहीत सापडेल.

परसात भोपळ्याचा वेल असेल तर फुले नीट न्याहाळा. काही फुले नुसत्या बारीक देठावर असतात, ती नर. काहींच्या खाली इवलासा भोपळा आधीच असतो, ती मादी. नर फुलातले पराग सकाळी मादी फुलाला लावून पाहा. परागीभवन हा धडा कधी विसरायचा नाही!

पिठातल्या किड्याची गोष्ट

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे वळते. दहावीत आनुवंशिकतेचा धडा आहे. मुलगा की मुलगी हे कशावर ठरते, ते त्या वर्षी शिकायचे असते. हे शोधून काढणाऱ्यांत एक बाई होत्या, हे मात्र आपल्याला फारसे कुणी सांगत नाही. त्यांचे नाव नेटी स्टीव्हन्स. अमेरिकेत शाळेत शिकवून पैसे साठवले आणि वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, १८९६ साली, त्या विद्यापीठात शिकायला गेल्या. पस्तिसाव्या वर्षी बरं का! १९०५ साली त्यांनी धान्यात-पिठात होणाऱ्या एका किड्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. आपण रवा चाळताना वैतागून फेकतो त्या तांबड्या किड्याचा तो थोरला भाऊबंद, एकाच कुळातला. मादीच्या पेशीत वीस मोठी गुणसूत्रे. नराच्या पेशीत एकोणीस मोठी आणि एक छोटेसे. नर की मादी, हे त्या छोट्या गुणसूत्राशी निगडित आहे, हे त्यांनी ओळखले. त्याच सुमारास विल्सन नावाचे शास्त्रज्ञही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाला आले होते. माणसातही तसेच : बाईकडे दोन एक्स, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय.

याचा व्हिडिओ पाहून झाल्यावर आम्ही दोन वाट्या घेतल्या. आईच्या वाटीत नुसते हरभरे. वडिलांच्या वाटीत दहा हरभरे आणि दहा तुरीचे दाणे. दोन्ही वाट्यांवर फडके टाकायचे, न पाहता प्रत्येकीतून एकेक दाणा काढायचा, लिहायचे आणि परत टाकायचा. दोन हरभरे आले तर मुलगी. हरभरा आणि तूर आली तर मुलगा. पन्नास वेळा केले. कधी ओळीने चार मुली, कधी तीन मुलगे. पण आईच्या वाटीतून दर वेळी हरभराच! फरक पडतो तो दुसऱ्या वाटीमुळे, आणि तिथेही कोणता दाणा हाताला लागेल हे कुणाच्या हातात नाही.

मुली एकदम शांत झाल्या. मग एकीने खाली पाहत विचारले, "मॅडम, मंग तीन पोरी झाल्या म्हणून माह्या मायले काहून बोलतात?"

मैत्रिणींनो, या प्रश्नाला पुस्तकात दोन गुण असतात. आपल्या जिल्ह्यात त्याचे मोल किती आहे, ते आकड्यांवरून पाहा. २००१ च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ९०८ मुली होत्या. २०११ च्या जनगणनेत त्या ८५५ झाल्या. हे काही गुणसूत्रांचे काम नव्हे. गर्भलिंगनिदान रोखणारा देशाचा कायदा १९९४ सालचा, महाराष्ट्राने तर त्याआधीच, १९८८ मध्ये, आपला कायदा केला होता. कायदा दवाखान्याच्या दारात उभा राहतो. घरातल्या बोलण्याला आळा घालायचा तर घरातच कुणाला तरी ही गोष्ट माहीत हवी.

त्या मुलीने वाट्यांचा खेळ घरी नेला. घरात काय बोलणे झाले, ते मी विचारले नाही. आजीने मात्र आधी वाटीत तूर कमी घातली असेल म्हणून दाणे मोजून पाहिले, आणि मग स्वतः वीस वेळा काढून बघितले, एवढे तिने सांगितले.

याच वाट्यांनी सिकलसेलही समजावता येतो. विदर्भात, विशेषतः आदिवासी समाजात, हा आजार आढळतो. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक वेळी मूल आजारी होण्याची शक्यता चारात एक. वाहक माणूस दिसायला ठणठणीत असतो, म्हणून लग्नाआधी रक्ततपासणी करून घ्यावी. २०२३ पासून याविषयी देशभर सरकारी मोहीम सुरू आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा.

खोट्या वैद्यांपासून सावध

ज्या पडद्यावर नेटी स्टीव्हन्सची गोष्ट आहे, त्याच पडद्यावर 'मुलगाच होईल' असे सांगणारे पथ्य, तारखा आणि पुड्याही आहेत. लिंगनिवडीची जाहिरात करणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने इंटरनेटवरच्या मोठ्या कंपन्यांनाही अशा जाहिरातींना आळा घालायला बजावले आहे. तरी नवे नवे व्हिडिओ येतच राहतात. म्हणून मुलींना तीन प्रश्न शिकवून ठेवा : सांगणारा कोण आहे? तो शेवटी काही विकतो आहे का? आणि तो म्हणतो ते आपल्या पाठ्यपुस्तकाशी जुळते का? या तीन चाळण्यांतून जे खाली उतरेल तेवढेच घ्यावे.

आणि हो, शरीराचे धडे सुरू झाले की 'हे पुढे बघू' म्हणून पान उलटू नका. पाळी, गर्भधारणा, रक्तातले लोह हे मुलीला आईजवळ बसून कळले तर तिला लाज वाटत नाही आणि भीतीही वाटत नाही. आपल्याला एखादे उत्तर आले नाही तरी बिघडत नाही. 'चल, दोघी मिळून शोधू' म्हणावे.

या रविवारी दुपारी एवढे करा. मुलीचे विज्ञानाचे पुस्तक मागा, धड्यावरचा तो चौकोन उघडा, दहा मिनिटे दोघी पाहा. मग दोन वाट्या घ्या. हरभरे आणि तूर घरात असतेच; घरातल्या थोरामोठ्यांनाही एकेक दाणा काढायला सांगा.