०.६ व्होल्टचा ‘एक’

चिपमधली एखादी तार ० वरून १ वर नेऊन परत ० वर आणायची, तर तिचा कॅपॅसिटन्स एकदा भरावा लागतो आणि एकदा रिकामा करावा लागतो. या फेरीत खर्च होणारी ऊर्जा म्हणजे कॅपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग. ५० फेम्टोफॅरडची तार १.२ व्होल्टवर चालवली तर एका फेरीला ७२ फेम्टोज्यूल लागतात, ०.६ व्होल्टवर फक्त १८. व्होल्टेज निम्मं केलं की खर्च चौथाईवर येतो. म्हणून ज्या भागाला घाई नाही तो ०.६ व्होल्टवर ठेवायचा, घाईच्या भागाला १.२ द्यायचे आणि बाहेरच्या जगाशी बोलणाऱ्या पिनांना १.८ किंवा ३.३, अशी वाटणी आता सर्रास होते. अडचण येते ती या भागांच्या हद्दीवर.

०.६ व्होल्टच्या भागातला ‘१’ म्हणजे ०.६ व्होल्ट. तो थेट १.२ व्होल्टवर चालणाऱ्या इन्व्हर्टरला दिला तर काय होईल? समजा, दोन्ही ट्रान्झिस्टरांचा थ्रेशोल्ड ०.४ व्होल्ट आहे. खालच्या एनमॉसच्या गेटवर ०.६ व्होल्ट आहेत, म्हणजे तो चालू. वरच्या पीमॉसचा सोर्स १.२ वर आणि गेट ०.६ वर, म्हणजे त्यालाही ०.६ व्होल्टचा फरक दिसतो आणि तोही चालू. बंद कुणीच नाही. वरच्या पुरवठ्यापासून जमिनीपर्यंत सरळ वाट मोकळी राहते आणि सिग्नल बदलत नसतानाही करंट वाहत राहतो. व्होल्टेज कमी करून वाचवलेलं सगळं इथे वाया जातं, शिवाय आउटपुट धड ० नाही आणि धड १ नाही.

उलट्या दिशेला, म्हणजे जास्तीकडून कमीकडे, फारसं बिघडत नाही. गेटचा ऑक्साइड तेवढं व्होल्टेज सोसणारा असला की साधा इन्व्हर्टरही पुरतो. सगळी मेहनत आहे ती चढाची.

चढासाठीचा जुना, रुळलेला लेव्हल शिफ्टर असा असतो. खाली दोन एनमॉस, एकाला सिग्नल आणि दुसऱ्याला त्याचा उलटा. वर दोन पीमॉस, प्रत्येकाचं गेट समोरच्या बाजूच्या आउटपुटला जोडलेलं. सिग्नल १ झाला की डावा एनमॉस आपला नोड खाली ओढतो. तो पुरेसा खाली आला की उजवा पीमॉस सुरू होतो, उजवा नोड १.२ व्होल्टपर्यंत चढतो आणि त्यामुळे डावा पीमॉस पूर्ण बंद होतो. बदल संपल्यावर सरळ वाट उरत नाही. उरते ती फक्त गळती.

पण मधल्या क्षणी इथे रस्सीखेच चालते. डावा नोड खाली ओढायचा आहे, तेव्हा डावा पीमॉस अजून पूर्ण जोरात चालू असतो. त्याच्याकडे थ्रेशोल्डच्या वर ०.८ व्होल्ट आहेत, एनमॉसकडे जेमतेम ०.२. ढोबळ वर्गनियमाने हा सोळापट फरक झाला. इलेक्ट्रॉन चपळ असल्यामुळे एनमॉसला अडीचपटीच्या आसपास सवलत धरली, तरी त्याला सहा-सातपट रुंद करावं लागतं. हे निभावतं. सिग्नल ०.३ व्होल्टवर, म्हणजे थ्रेशोल्डच्याही खाली नेला की हिशेबच बदलतो. तिथे दर ८०-१०० मिलिव्होल्टला करंट दहापट घटतो आणि एनमॉसची लागणारी रुंदी आधी शेकड्यांत, मग हजारांत जाते. एवढं मोठं गेट हलवायचं काम पुन्हा त्या अशक्त ०.३ व्होल्टच्या भागावरच पडतं.

तेव्हा आपला गडी वाढवण्यापेक्षा समोरचा अशक्त करावा. एक सोपा उपाय म्हणजे प्रत्येक पीमॉसच्या ओळीत आणखी एक पीमॉस घालून त्याचं गेट त्याच बाजूच्या इनपुटला जोडायचं. सिग्नल १ असताना हा नवा पीमॉस अर्धवट आवळला जातो आणि वरची ओढ कमी होते. सिग्नल ० असताना तो पूर्ण उघडा राहतो. किंमत एवढीच की नोड वर चढताना दोन पीमॉसमधून जावं लागतं, म्हणून वेळ जास्त लागतो.

दुसरा मार्ग करंट मिररचा. डाव्या एनमॉसमधून जेवढा करंट जाईल त्याचीच नक्कल उजवीकडचा पीमॉस करतो, म्हणजे वरची ओढ आपोआप खालच्याच्या मापाची राहते. मात्र सिग्नल १ आहे तोवर डाव्या फांदीतून करंट चालूच राहतो. २०१० मध्ये ल्युट्केमायर आणि र्‍युकर्ट यांनी विल्सन करंट मिररची रचना वापरून हे थांबवलं: डाव्या फांदीतच एक पीमॉस घातला आणि त्याचं गेट आउटपुटला जोडलं. आउटपुट चढलं की तो स्वतःच फांदी तोडतो. पण मग आउटपुटला वर धरणारा हातही ढिला पडतो आणि पुढच्या इन्व्हर्टरमध्ये थोडी गळती शिरते. त्यावर पुढे बऱ्याच सुधारणा झाल्या. माझं मत विचाराल तर रोजच्या चिपला ०.२ व्होल्टवरून चढणारा शिफ्टर क्वचितच लागतो, ०.६ वरून चढायचं असेल तर जुनी रचना, तिच्यातला पीमॉस जरा लांब चॅनेलचा करून, बहुधा पुरते.

खरी परीक्षा वाईट परिस्थितीत होते. एनमॉस मंद, पीमॉस जलद, खालचा पुरवठा किमान, वरचा कमाल आणि तापमान उणे ४० अंश. थंडीत थ्रेशोल्ड वाढतो, त्यामुळे आधीच अशक्त असलेल्या एनमॉसला ती जास्त जाचते. इथे आउटपुट उलटलं नाही तर सरासरीची सुंदर आकडेवारी कामाची नाही. शिवाय चढण्याचा आणि उतरण्याचा वेळ सारखा नसेल तर क्लॉकच्या तारेवर हा शिफ्टर चालत नाही. आणि खालचा भाग झोपवून त्याचा पुरवठा तोडला की दोन्ही इनपुट अधांतरी राहतात. त्या वेळी आउटपुट ठरावीक पातळीवर बांधून ठेवणारा ट्रान्झिस्टर लागतो.

लेआउटमध्ये उलटा सिग्नल तयार करणाऱ्या इन्व्हर्टरचा पीमॉस ०.६ व्होल्टच्या एन-वेलमध्ये बसतो आणि बाकीचे १.२ च्या. दोन वेलांमध्ये ठरलेलं अंतर सोडावं लागतं, म्हणून हा सेल बऱ्याचदा दुप्पट उंचीचा असतो.

शिफ्टर कुठे हवेत हे आयईईई १८०१ मानकातल्या पॉवर-वर्णनाच्या फाइलमध्ये लिहितात. ते विसरलं तर साध्या लॉजिक सिम्युलेशनमध्ये काहीच दिसत नाही, कारण तिथे १ म्हणजे १. तो किती व्होल्टचा, हे सिम्युलेटरला माहीतच नसतं. हद्दी तपासणारी वेगळी चाचणी त्यासाठीच चालवतात.

हे हाताळून पाहायचं असेल तर २०२० मध्ये गूगल आणि स्कायवॉटरने खुलं केलेलं १३० नॅनोमीटरचं डिझाइन किट फुकट मिळतं. त्यात १.८ व्होल्टवरून ३.३ वर नेणारा तयार सेल आहे. तो एनजीस्पाइसमध्ये घ्या, खालचा पुरवठा ५०-५० मिलिव्होल्टने उतरवा आणि प्रत्येक पायरीला वरच्या पुरवठ्यातून जाणारा करंट नोंदवा. आउटपुट उलटायचं थांबण्याच्या बरंच आधी तो आकडा फुगू लागतो.