अमरावतीला शिकायला जाताना

आमच्या बोरी अरबहून दारव्ह्याच्या कॉलेजात जाणारी मुलेमुली पुष्कळ आहेत. सकाळी एस.टी.ने जातात, संध्याकाळी घरी येऊन जेवतात. तो खर्च घराला फारसा जाणवत नाही. खरी पंचाईत पुढे होते. बी.एस्सी. झालेली मुलगी म्हणते, मला अमरावतीच्या विद्यापीठात एम.एस्सी. करायची आहे. मग बाप गप्प बसतो.

मागच्या उन्हाळ्यात असाच एक बाप आमच्या ओट्यावर येऊन बसला. मजुरी करतो, दोन एकर कोरडवाहू वावर आहे. म्हणाला, "गुरुजी, आता वावर गहाण ठेवा लागते काय?" आम्ही म्हटले, "थांब बाबा. आधी हिशेब करू."

हिशेब असा. शिकण्याचा खर्च दोन प्रकारचा. एक फी, दुसरा राहण्याखाण्याचा. आपल्याकडे लोक फीलाच भितात. पण गरिबाच्या मुलाची फी बहुतेक शिष्यवृत्तीत भागते. अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ सालापासून आहे. वर्षाचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असले की ती मिळते. दारव्ह्याला ही मुलगी तीच घेत होती. खोली, खाणावळ, दिवाळीला घरी येण्याचे भाडे, हे मात्र अमरावतीला नव्याने अंगावर येते. पोरे कॉलेज सोडतात ती बहुधा ह्या दुसऱ्या खर्चापायी.

ह्या दुसऱ्या खर्चाचीही सोय आहे. आधी समाजकल्याण खात्याच्या सरकारी वसतिगृहाचा अर्ज भरावा. तेथे राहणे-जेवणे फुकट. जागा थोड्या, मागणारे फार. नंबर लागला नाही तर स्वाधार योजना आहे. २०१६ साली ती निघाली. तिला बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. अमरावतीसारख्या शहरात तिचे वर्षाला ५१,००० रुपये ठरलेले आहेत: जेवणाचे २८,०००, राहण्याचे १५,००० आणि वरखर्चाचे ८,०००. आदिवासी मुलांसाठी अशीच स्वयम् योजना आहे. इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले यांच्या नावाची आधार योजना आहे. स्वाधारचा अर्ज शिष्यवृत्तीहून वेगळा. एक भरला म्हणजे दुसरा भरला असे होत नाही. वर्गातली हजेरीही पाऊणपट लागते.

आणखी एक ध्यानात ठेवा. हे पैसे जूनमध्ये हातात पडत नाहीत. हप्त्याने येतात, उशिराही येतात. पहिल्या तीन-चार महिन्यांची तजवीज घरून करावी लागते. ती सावकाराकडून करू नये. बचत गटातून उचलावे, नाही तर एखादे बोकड विकावे. वावर शाबूत राहिले पाहिजे.

त्या बापाच्या मनात दुसरीही एक गोष्ट होती. सरकारचे पैसे घेणे त्याला भिकेसारखे वाटे. आम्ही त्याला बाबासाहेबांची हकीकत सांगितली. मुंबईला कॉलेजात असताना बडोद्याचे सयाजीराव महाराज त्यांना महिना २५ रुपये देत. १९१३ साली ते अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा बडोद्याने तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंड ठरवले. त्याचा रीतसर करार झाला होता. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, ही त्यात अट होती. भिकेला कोणी अट घालतो काय? बाप हसला, पण पुरता पटल्यासारखा दिसला नाही.

आता कागदांचे. येथे आमचीच एक चूक सांगितली पाहिजे. आम्ही प्राथमिक शाळेत हेडमास्तर असताना एका मुलाच्या बापाचे नाव दाखल-खारीज रजिस्टरात 'बापू' असे लिहिले. घरी तेच नाव सांगत. जातीच्या दाखल्यावर मात्र दुसरेच नाव होते. बारा वर्षांनी तो मुलगा पुढे शिकायला गेला आणि त्याचा अर्ज परत आला. दुरुस्ती होईपर्यंत मुदत गेली. त्या वर्षी त्याने विटाभट्टीवर काम केले. तो आमच्यावर कधी रागावला नाही, पण आम्हाला ते अजून टोचते.

म्हणून शाळेचा दाखला, जातीचा दाखला, आधार कार्ड आणि बँकेचे पुस्तक शेजारी शेजारी ठेवून नावे ताडून पाहा. काना-मात्राही पाहा. पैसे बँकेत येतात, तेव्हा खाते आधारला जोडलेले पाहिजे. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा लागतो. त्याआधी तलाठ्याचा अहवाल घ्यावा लागतो. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण गावात कोण म्हणतो? दाखला नव्या सालाचा हवा. दारव्ह्याचे कॉलेज अमरावती विद्यापीठातच मोडते, म्हणून तेथे स्थलांतराचे प्रमाणपत्र लागत नाही. नागपूरला किंवा पुण्याला गेले तर लागते. शिष्यवृत्ती चालू असताना मधेच कॉलेज किंवा विषय बदलायचा झाला, तर आधी मंजुरी घ्यावी. नाही तर ती अडकते.

त्या मुलीचे कागद आम्ही ओट्यावर पसरले. सगळे होते, फक्त उत्पन्नाचा दाखला दोन वर्षांपूर्वीचा निघाला. सोमवारी बाप मजुरी बुडवून दारव्ह्याला तहसिलीत गेला. मुलगी सोबत गेली. अर्ज तिनेच लिहिला. खाली सही बापाने केली, अंगठा नाही. साक्षरता वर्गात तो दोन महिने येत होता.