पानावर आखलेलं वर्तुळ

भोपळ्याच्या वेलाचं पान उलटंपालटं करून नीट पाहिलं, तर कधी कधी त्यावर कंपासने आखल्यासारखं एक वर्तुळ सापडतं. हे काम तांबड्या भुंगेऱ्याचं. पाव इंचाचा, शेंदरी रंगाचा हा किडा पानावर बसला की लगेच खायला लागत नाही. आधी स्वतःभोवती फिरत दातांनी गोल चर पाडतो आणि मगच आतला भाग कुरतडतो.

हा खटाटोप कशासाठी? भोपळ्याची शीर तुटली की चिकट रस बाहेर येतो आणि हवा लागताच घट्ट होतो. खाणाऱ्याचं तोंडच चिकटून बसतं. चर पाडला की आतल्या तुकड्याकडे येणारा रस तुटतो. म्हणजे हे आधी नळ बंद करून मग जेवायला बसणं!

वेलाचं दुसरं शस्त्र म्हणजे कडूपणा. काकडीचं टोक कापून घासताना आपण ज्याची धास्ती घेतो, तोच हा कुकुरबिटॅसिन. कडू दुधीचा रस पिऊन माणसं दवाखान्यात गेली आहेत. तांबड्या भुंगेऱ्याला मात्र हा कडूपणा खाण्याचं आमंत्रण वाटतो. शिवाय तो कडूपणा अंगात साठवतो, त्यामुळे पक्ष्यांना तो स्वतःच बेचव लागतो. वेलाने घातलेलं कुंपण याने चिलखत म्हणून अंगावर चढवलं, असंच म्हणायचं.

पानावरचा प्रत्येक ठिपकेदार किडा शत्रू नसतो, हेही इथेच सांगायला हवं. चकचकीत, सात ठिपक्यांचा ढालकिडा मावा फस्त करतो. त्याच्याच कुळातला, मळकट आणि बारीक लव असलेला, अठ्ठावीस ठिपक्यांचा भाऊबंद मात्र पानांची जाळी करतो. घाईत दोघेही चिरडले जातात.

आता फूल. भोपळ्याचं पिवळं फूल पहाटे उमलतं आणि दुपारपर्यंत मिटतं. नर-मादी फुलं वेगळी. मादीच्या बुडाशी इवलासा भोपळा आधीच असतो. पराग जड, काटेरी आणि चिकट, त्यामुळे वाऱ्याचा उपयोग नाही. सातेरी किंवा फुलोरी मधमाशीने ते पोचवले नाहीत, तर भोपळा वेडावाकडा वाढतो किंवा गळून पडतो.

फळ धरलं की फळमाशी हजर. ती कोवळ्या सालीत अंडी टोचते, भोकातून डिंकासारखा थेंब येतो आणि आत अळ्या गर सडवतात. मग त्या जमिनीत जाऊन कोष करतात, म्हणून सडकी फळं शेतात पडू देऊ नयेत. क्यू-ल्युअर या वासाच्या आमिषाचा सापळा फक्त नरांना ओढतो. जपानच्या ओकिनावा बेटांवर तर किरणांनी नपुंसक केलेल्या अब्जावधी माश्या वर्षानुवर्षं सोडल्या आणि 1993 मध्ये ही माशी तिथून हद्दपार झाली. त्याआधी तिथली कारली मुख्य जपानात पाठवायला बंदी होती.

फवारणी संध्याकाळी करा, म्हणजे मधमाश्या वाचतात, हा सल्ला भोपळ्यापुरता उत्तम. पण दोडक्याची पिवळी आणि दुधीची पांढरी फुलं दिवस कलल्यावरच उमलतात, आणि दुधीवर तर अंधारात पतंग येतात. त्या मांडवात फवारा मारायचाच असेल, तर आधी फुलं उमलली आहेत का ते पाहून घ्यावं.