न लांबणारा दोर

बारामती-इंदापूरच्या माळावर सह्याद्रीसारखे कडे नाहीत. इथली खोली विहिरींत आहे. शेतातला दोर बहुधा जनावर बांधायला नाहीतर विहिरीतली मोटर वर ओढायला. माणसाचा जीव ज्यावर टांगायचा, त्या दोराची घडणच निराळी.

1953 मध्ये जर्मनीतल्या एडेलरिड कंपनीने दुहेरी घडणीचा दोर आणला. आत नायलॉनच्या धाग्यांचा गाभा, वर घट्ट विणलेलं वेष्टण. भार मुख्यतः गाभा पेलतो, घासणं वेष्टण सोसतं. नवल म्हणजे याच नायलॉनचे दोन उलट स्वभावाचे दोर होतात. गाभ्याचे धागे पिळून, उष्णतेने आक्रसवले की लांबणारा डायनॅमिक दोर. जवळजवळ सरळ ठेवले की स्टॅटिक.

युरोपीय मानक ईएन 1891 प्रमाणे, भार 50 किलोवरून 150 किलोवर नेला तरी स्टॅटिक दोर पाच टक्क्यांहून जास्त लांबता कामा नये. तीस मीटर दोरात फार तर दीड मीटर! त्यातला ‘ए’ प्रकार किमान 22 किलोन्यूटन, म्हणजे सुमारे सव्वादोन टन पेलतो.

मग एवढा दणकट दोर घातक कसा ठरेल? पडणाऱ्याला वाचवते ती दोराची लवचीकता, नुसती ताकद नव्हे. एक मीटर दोरावर दोन मीटर पडा किंवा दहा मीटर दोरावर वीस मीटर. हिशेबाने झटका सारखाच! डायनॅमिक दोर लांबून तो झटका गिळतो. स्टॅटिक दोर मात्र तो थेट कमरेला आणि आधाराला देतो. म्हणून हा दोर उतरायला, लोंबकळून काम करायला आणि बचावाला वापरावा. आधार डोक्याच्या वर हवा आणि मध्ये ढील नको.

नायलॉनवर नायलॉन एकाच जागी घासलं, तर उष्णतेने दोर वितळून तुटतो. विहिरीच्या धारदार काठावर दोराखाली जाड गोणपाट घाला. बॅटरीचं ॲसिड आणि ऊन यांपासून तो दूर ठेवा. गाठीने ताकद घटते, हे धरूनच चाला. उतरताना दुसरा दोर वेगळ्या आधाराला बांधा.

ऑगस्ट 2023 मध्ये इंदापूर तालुक्यातल्या म्हसोबाचीवाडीत विहिरीचं काम चालू असताना माती ढासळून चार मजूर गाडले गेले. अशा ढिगाऱ्यापुढे कुठलाच दोर पुरत नाही. तेव्हा आधी काठ पक्का आहे का आणि आत विषारी वायू नाही ना, हे तपासा. दोराला हात त्यानंतरच घाला.