चित्रसंग्रहाची छपाई कोठें करावी?



चित्रकला, छायाचित्रण किंवा तत्सम विषयांच्या उच्च शिक्षणासाठीं जाऊं इच्छिणाऱ्यास पुष्कळदां आपल्या निवडक कृतींचा संग्रह, म्हणजेच पोर्टफोलिओ, परीक्षकांपुढें ठेवावा लागतो. तो पुस्तकरूपानें छापून देणाऱ्या संस्था आज अनेक आहेत. त्यांतून योग्य संस्था कशी निवडावी, याचा येथें विचार करूं.

भारतांतील पहिला छापखाना १५५६ सालीं गोव्यास आला. तेव्हांपासून शेंकडों वर्षें छपाईचा एक नियम राहिला. खिळे जुळविण्याचा, व पुढील काळांत प्लेट करण्याचा, खर्च आरंभींच होई. म्हणून एकच प्रत काढणें परवडत नसे. डिजिटल यंत्रानें हा नियम मोडला. त्यास प्लेट लागत नाहीं; संगणकांतील फाइलवरून तें थेट छापतें. त्यामुळें हवी तेव्हां, हवी तेवढीच प्रत मिळते. यासच ‘प्रिंट ऑन डिमांड’ म्हणतात. लुलू (२००२) व ब्लर्ब (२००५) या परदेशी आणि पोथी डॉट कॉम (२००८) ही बंगळूरची संस्था अशा कामासाठीं प्रसिद्ध आहेत.

सोय मोठी खरी. परंतु ती न ओळखल्यामुळें काय होतें, हें मीं अनुभवलें आहे. कांहीं वर्षांपूर्वीं एका विद्यार्थिनीचा संग्रह छापावयाचा होता. एका छापखान्याचा दर सर्वांत कमी होता, व वीस प्रती घेतल्यास तो आणखी उतरत होता. मीं तिच्या वडिलांस तसाच सल्ला दिला. पुस्तकें आलीं तेव्हां तिच्या समुद्राच्या निळाईवर जणूं काजळी धरली होती, आणि दोन पानांवर पसरलेल्या चित्रांतील होडी बांधणीच्या घळींत नाहींशी झाली होती. वडील एवढेंच म्हणाले, “सर, आतां काय करावें?” मुलगी मूळ चित्रेंच घेऊन मुलाखतीस गेली. दोष छापखान्यापेक्षां माझाच अधिक होता.

असें कां झालें? संगणकाचा पडदा तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशानें उजळतो. कागदावर मात्र निळसर, किरमिजी, पिवळी व काळी अशा चार शायांनीं रंग साधावे लागतात. पडद्यावरील तेजस्वी निळे व हिरवे रंग या शायांस पूर्णपणें साधत नाहींत. म्हणून त्या यंत्रास व कागदास अनुरूप असें रंग-प्रोफाइल संस्था देते काय, हें प्रथम विचारावें.

दुसरा विचार बांधणीचा. मध्यें पिना मारलेली पुस्तिका स्वस्त असून बरीच सपाट उघडते. तिच्या पानांची संख्या मात्र चारनें भागली जाणारी हवी. डिंकानें चिकटविलेली बांधणी पूर्ण उघडत नाहीं. तींत दोन पानांवर एक चित्र देऊं नये. तिसरा विचार कागदाचा. ८० जीएसएमच्या साध्या कागदांतून मागील पानाचें चित्र दिसतें. चित्रांस १५० जीएसएमच्या आसपासचा कागद बरा. चकचकीत कागदावर रंग खुलतात, पण उजेडाची तिरीप पडते. मॅट कागदावर रेखाटनें शोभतात.

फाइल तयार करितांना दर इंचास ३०० पिक्सेल धरावे. म्हणजे ८ इंच रुंदीच्या चित्रास २४०० पिक्सेल हवेत. चित्र पानाच्या कडेपर्यंत न्यावयाचें असल्यास कापणीसाठीं साधारणतः ३ मिलिमीटर जागा बाहेर सोडतात.

पालकांनींही दोन गोष्टी पाहाव्या. दरांत टपालखर्च, व परदेशाहून मागविल्यास जकात, मिळवूनच तुलना करावी. तसेंच अटी वाचाव्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें चित्राचा पहिला हक्क सामान्यतः चित्रकाराचाच असतो. छपाईपलीकडे तो कोणास देऊं नये.

परंतु या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट एकच. जी संस्था एक प्रत देते, तिच्याकडून प्रथम एकच प्रत मागवावी, आणि तीही मुलाखतीच्या निदान महिनाभर आधीं. खिडकीपाशीं बसून ती मूळ चित्रांशीं पान पान ताडून पाहावी, चुका सुधाराव्या, मगच अधिक प्रती काढाव्या. या नव्या छपाईचा खरा लाभ स्वस्ताईंत नसून, चूक वेळींच दिसण्यांत आहे. तो लाभ मीं त्या मुलीस मिळूं दिला नाहीं. तुम्हीं तो अवश्य घ्यावा.